नाव एकाचं, फोटो दुसऱ्याचा

मंडळी, माझ्या हातून एक घोळ होऊन बसलाय.

लातूरच्या एका वधूवर केंद्राची साइट मी बनवली. आज हदगावहून मावशीचा फोन, "आपल्या पिंकीला पोरगा पसंत हाय! चष्मेवाला, लई साधा दिसतो."

मी ते स्थळ उघडलं. पोराला चष्माच न्हाई!

मावशीकडं नेट स्लो. तिनं भराभर स्थळं पुढं सरकवली. पुढचं स्थळ उघडलं की मागच्या फोटोची रिक्वेस्ट, म्हंजी मागणी, रद्द करायची सोय ब्राउझरमधे असती, ती मी वापरलीच नव्हती. तो फोटो उशिरा आला अन् पुढच्या पोराच्या नावावर जाऊन बसला.

कोड आता दुरुस्त केला. पण मावशीनं त्या बिनचष्म्याच्या पोराला होकार कळवून टाकलाय. रविवारी पाहुणे येणार अन् पिंकी चष्मेवाल्याची वाट बघून राहिली.

आधी कुणाला फोन करू, सांगा. अन् अशा अजून किती पिंक्या असतील?