इंजिन आणि आम्ही डबे

इंजिनला बॉल मागता येत नसे. ती तो वसूल करायची. मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिचा "दे!" ऐकू आला, की समोर कोण मोकळी उभी आहे, आपण काय ठरवलं होतं, हे सगळं डोक्यातून निघून जायचं. बॉल आपल्या हातातून सुटून तिच्याकडे गेलेला असायचा. एकदा रेल्वे कॉलनीच्या रस्त्याने चाललेल्या भाजीवाल्याने त्या आवाजाला गाडा थांबवला आणि कुंपणावरून विचारलं, "काय देऊ, बाई?" आम्ही हसून हसून खाली बसलो. ती हसली नाही. खेळ थांबला म्हणून तिने आमच्याकडेच रागाने पाहिलं.

तिचं खरं नाव सुनीता. पण गाव पूर्णा, म्हणजे जंक्शन. वडील रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये. आणि ती स्वतः दारातून वाकून आत येणारी. दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. आमचे क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "इंजिन एकच हाय. बाकी सगळे डबे. जोडून ऱ्हावा, म्हंजे पोचताल." त्या दिवसापासून ती इंजिन झाली आणि आम्ही डबे. तिला नाव आवडलं. आम्हाला कुणी विचारलं नाही.

डबे कसे जमले तेही सांगायला हवं. मी रोज पॅसेंजरने गावाहून यायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्यामुळे कॉलेजात कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हे विचारायला कुणी जवळ नसायचं. सरांनी माझी उंची पाहून विचारलं, "खेळतीस का?" मी हो म्हणाले. बास्केटबॉल मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिला होता. मी शाळेत कबड्डी खेळलेली, सारिका खो-खो खेळलेली, बाकीच्या तर सरांनी थेट वर्गातून उठवून आणलेल्या. पहिल्या सामन्यात समोरची मुलगी बॉल घेऊन निघाली, तशी मी तिला कमरेला धरून खाली बसवलं. शिट्टी वाजली. मला वाटलं, गुण मिळाला. इंजिन पळत आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "आगं ए कबड्डी! सोड की तिला! घरी न्ह्यायचीय का?"

पुढे वर्षभर ती मला कबड्डीच म्हणत होती. माझं नाव कांचन आहे हे तिला माहीत असावं, असा माझा अंदाज आहे.

सरावाआधी मैदान झाडावं लागे. कॉलनीतल्या शेळ्या दुपारी तिथेच बसायच्या, शिवाय कडुलिंबाचा पाला. आम्ही खराटे घेऊन एका टोकाकडून निघायचो आणि इंजिन दुसऱ्या टोकाला रिंगमध्ये बॉल टाकत असायची. "तू बी घे की एक खराटा," असं सारिका एकदा म्हणाली. तिने तिच्याकडे न बघता सांगितलं, "माझा हात खराट्यानं बिघडतो." आणि बॉल टाकला. तो जाळीतून असा अलगद गेला, की सारिका पुन्हा झाडायला लागली. इंजिनशी भांडताना हीच मोठी अडचण होती. ती चुकीचं बोलायची आणि लगेच काहीतरी इतकं बरोबर करून दाखवायची, की आपलं बोलणं तिथेच खुंटायचं.

आमच्या जेवणावरही तिची हुकमत होती. डबे उघडले की ती उभ्यानेच सगळ्यांवरून नजर फिरवायची. "तू भात कमी कर. तू शेंगदाणे खा. हे लोणचं कुणाचं? इकडं आण." लोणच्याने खेळाडूचं काय बिघडतं हे तिने कधी सांगितलं नाही. तेवढं लोणचं मात्र तिच्या भाकरीवर जायचं.

खेळातही तिने प्रत्येकीला एकेक काम वाटून दिलं होतं. सारिकाने रिंगवरून परत आलेला बॉल उचलायचा आणि तिला द्यायचा. मी तिच्यामागे धावणाऱ्या मुलीच्या वाटेत उभं राहायचं. "खांबासारखी उभी ऱ्हा," ती मला म्हणायची, "खांब काय करतो? काईच न्हाई. तसंच." मी तसंच करायचे. आणि मान्य करायला हवं, आम्ही जिंकायला लागलो. जिंतूरला जिंकलो, सेलूला जिंकलो. जी मुलगी वर्गात हजेरी द्यायला लाजायची, ती खांब म्हणून जिल्ह्यात ओळखली जाऊ लागली. पेपरात बातमी यायची, त्यात इंजिनचं नाव, तिचे गुण, तिचा फोटो आणि शेवटी एक ओळ, "इतर खेळाडूंनी चांगली साथ दिली." सारिका ती ओळ मोठ्याने वाचून म्हणायची, "कांचे, बघ, आपलं नाव आलंय. इतर."

हे सगळं चालू असताना आमचं काहीतरी आटत चाललं होतं. मला ते तेव्हा नीट कळलं नाही, पण सरांना कळलं. एका सरावाला इंजिन आली नव्हती, तेव्हा सरांनी मला रिंगसमोर मोकळं उभं करून सांगितलं, "मार." माझ्या हातात बॉल होता, मध्ये कुणी नव्हतं, आणि मी इकडेतिकडे बघत राहिले. मी तिला शोधत होते. सरांनी कपाळावर हात मारला. "हा संघ हाय का वरात?" ते म्हणाले. "एक नवरी, बाकी समद्या वऱ्हाडी. नवरी आली न्हाई तर वऱ्हाडानं काय गावाकडं परत जायचं का?"

त्याच महिन्यात प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. मुलींच्या संघाचा प्रवास, रजा, सोबत बाई पाठवणं हे सगळं कॉलेजला जड जात होतं. विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलात तर संघ राहील, नाही तर पुढच्या वर्षापासून मुलींचा बास्केटबॉल बंद, असं त्यांनी सांगितलं. सरांनी ते आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. संघ बंद झाला तर मला दुपारच्या पॅसेंजरने घरी जावं लागणार होतं. घरी गेलं की पाणी, चूल, धाकटी भावंडं. ते काही वाईट नव्हतं, माझंच होतं. पण संध्याकाळचा तो सिमेंटवरचा वेळ सोडला तर दिवसात दुसरं काही मी स्वतः निवडलेलं नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. सारिकाने दाखवलं. "बंद झालं तर माझं लग्नच लावतेत बघ," ती म्हणाली.

इंजिनला काळजी नव्हती. पुण्याच्या एका कॉलेजने तिला बोलावलं होतं, राहण्या-खाण्यासकट. तो हुकमाचा पत्ता ती वरचेवर आमच्यासमोर टाकायची. "जाईन म्हणते. पण मी गेले तर तुमचं कसं व्हायचं?" हे ती इतक्या कळवळ्याने म्हणायची, की तिच्या डोक्यात बॉल घालावा असं वाटायचं.

उपांत्य सामना नांदेडच्या एका तगड्या संघाशी होता. अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही पुढे होतो, म्हणजे इंजिन पुढे होती. मग त्यांनी तिच्यावर दोघी-दोघी सोडल्या. ती चिडली. चिडली की ती धक्के मारायची, आणि पंचांशी भांडायची ते वेगळं. बघता बघता तिचे पाच फाउल झाले आणि सामना संपायला बराच वेळ असताना तिला बाहेर जावं लागलं. जाताना ती पंचांना म्हणाली, "तुमाला दिसायलंय का काई?" सरांनी तिला ओढून बाकावर बसवलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते फक्त आम्हीच करू शकत होतो. मी बॉल रिंगच्या डाव्या बाजूला टाकला, जिथे ती नेहमी असायची. तिथे कुणी नव्हतं. बॉल आरामात मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या एकीने त्याच जागी टाकला. समोरचा संघ हसायला लागला. आमची आघाडी संपली, मग आम्ही मागे पडलो. सारिकाच्या हातात बॉल आला तेव्हा तिला तिघींनी घेरलं होतं. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "दे!"

सारिकाने दिला. सरळ, जोरात, बाकावर.

इंजिनने तो झेललाही. कमरेला टॉवेल, पायात चपला, आणि हातात बॉल. पंचांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली, पण ती वाजवायला त्यांना क्षणभर जमलं नाही. नांदेडच्या मुली गुडघ्यावर हात ठेवून हसत होत्या. सारिका रडायच्या बेतात होती. मी इंजिनकडे पाहिलं. आता ही शिव्या देणार, असं मला वाटलं. तिने हातातल्या बॉलकडे पाहिलं, मग एकेक करून आमच्या पाचही जणींकडे. बॉल पंचांकडे टाकला. मग उठून बाकाच्या दुसऱ्या बाजूला पाय टाकले आणि मैदानाकडे पाठ करून भिंतीसमोर बसली. टॉवेलचं टोक तिने दातात धरलं होतं. सरांनी विचारलं, "आगं, हे काय?" तिने हाताने त्यांना गप्प केलं.

बाकावर आता नुसती पाठ होती. बघायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. सारिकाने मला दिला, मी तिला परत दिला. मी एकदा मारला, तो लोखंडावर आपटला. कुणी ओरडलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा आपटला. तिसरा आत गेला. जाळीचा आवाज मी लांबून बराच ऐकला होता. स्वतः मारलेल्या बॉलचा तो वेगळा येतो. आम्ही चार-सहा बास्केट केल्या, पण मागे पडलो होतो ते पडलोच. थोडक्या गुणांनी हरलो.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. संघ संपला होता हे सगळ्यांना माहीत होतं. इंजिन माझ्यासमोर येऊन बसली. "शेवटाकडं एक चांगला आवाज आला जाळीचा. कोण मारला?"

"मी," मी म्हणाले.

"हां. आन् त्याच्या आधी दोन येळा लोखंड वाजलं. ते बी तूच असशील." ती खिडकीबाहेर बघायला लागली. कौतुक झालं की अपमान, हे मला पूर्णा येईपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता प्राचार्यांच्या खोलीत शिरली. सर तिथेच होते, त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "सर, मी हाय तवर या पोरी खेळायच्या न्हाईत. नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी पुण्याला चालले. मी गेल्यावर एक साल बघा. मग काय बंद करायचं ते करा." प्राचार्य म्हणाले, तुझ्याशिवाय तर या पहिल्याच फेरीत हरतील. ती म्हणाली, "हरतील की. आत्ता तर सुरू केलंय त्यांनी. कबड्डीला अजून मनगट वाकवता येत न्हाई." प्राचार्यांनी हो म्हटलं ते पटलं म्हणून, की तिला खोलीबाहेर काढायला म्हणून, हे सरांना सांगता आलं नाही. पण एक वर्ष मिळालं.

तिला सोडायला आम्ही सगळ्या स्टेशनवर गेलो. तिचे वडील डब्यात सामान लावत होते. ती दारात उभी राहून प्रत्येकीला हुकूम सोडत होती. "सारिका, बॉल घेतला की आधी वर बघ. तू, भात कमी. तू नवीन पोरी शोध, उंच बघून." गाडीने शिट्टी दिली तरी माझी पाळी आली नाही. शेवटी मीच न राहवून विचारलं, "आन् मला?"

"तुला काय सांगू?" ती म्हणाली. "तू कुठं ऐकतीस आता, कांचन."

गाडी हलली. आमच्यापैकी दोघी रडत होत्या. मैदानावर आलो, खराटे घेतले, झाडलं, आणि सारिकाने खेळाच्या साहित्याची खोली उघडून पाहिलं तर कॉलेजचा एकमेव धड बॉल जागेवर नव्हता. तो कुठे गेला असेल याचा विचार करायची गरजच नव्हती. रडणाऱ्या दोघींचं रडणं थांबलं. सारिकाने तिला फोन लावला आणि पहिल्या वाक्यातच जे काही म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

अंधार पडायच्या आत परभणीकडून आलेल्या पॅसेंजरमधून नारिंगी जाकिटातले एक काका उतरून मैदानावर आले. तिच्या वडिलांच्या गँगमधले होते. काखेत बॉल.

"परभणीच्या फलाटावर पोरीनं माझ्याकडं दिला," ते म्हणाले. "चुकून सामानात गेला म्हणली. आन् म्हणली, हवा कमी हाय, भरून घ्या म्हणावं."

मी बॉल दाबून पाहिला. हवा खरंच कमी होती.

"गेली तरी कामाला लावायलीच हाय," सारिका म्हणाली, आणि आम्ही पंप शोधायला निघालो.