बिननाडीचे बूट

आगीच्या बंबावरचे सगळ्यांत जुने गडी म्हणजे मामा. त्यांचा जावई त्याच बंबावर कामाला. तो मामा म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. मामांची एक खोड मोठी गमतीची. बंब आगीपाशी थांबला, की ते आधी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचे. आता रबरी गमबुटाला नाडी असते कुठे? "एकतीस वर्षं झाली, गाठ काही बसेना," म्हणून सगळे हसायचे. जावई जरा जास्तच. सासऱ्याला हसायची संधी रोज थोडीच मिळते!

एका दुपारी शिंप्याचं दुकान पेटलं. पुढे दुकान, मागे खोली आणि खोलीत शिंप्याची म्हातारी आई अडकलेली. मागच्या गजांच्या खिडकीतून तिचा खोकला ऐकू येत होता. जावयाने कुऱ्हाड उचलली आणि तो दुकानाच्या बंद दाराकडे धावला. मामा मात्र वाकलेले!

"मामा, नाडी राहू द्या! म्हातारी जाईल!"

"दाराला हात लावशील तर याद राख!" मामा वाकूनच ओरडले. "कटर घेऊन मागे पळ, खिडकीचे गज काप."

"अहो, दार तीन पावलांवर आहे!"

"घरी लेकीला तोंड मला दाखवायचंय. पळ!"

गज कापता कापता आतला खोकला थांबला. जावयाने कटर आणखी जोरात दाबला. शेवटचा गज तुटताच तो आत शिरला आणि म्हातारीला खांद्यावर टाकून बाहेर आला. मोकळ्या हवेत तिने डोळे उघडले नि ती म्हणाली, "हळू रे मेल्या, कंबर मोडशील!" शिंपी रडता रडता हसला.

मग मामांनी दुकानाच्या छपराचा झरोका फोडायला लावला. भसकन दोन पुरुष उंचीचा लोळ वर उसळला. जावई बंद दाराकडे बघतच राहिला. तो लोळ आपल्या अंगावर आला असता.

"कसं कळलं, मामा?"

"धूर दाराखालच्या फटीतून बाहेर येत होता नि परत आत ओढला जात होता. आतली आग हवेसाठी टपून बसलेली. असा धूर पूर्वी एकदाच पाहिला." मामांनी अर्धा जळालेला कान चोळला. "तेव्हा वाकलो नव्हतो. दार उघडलं."

"मग नाडीचं सोंग कशाला?"

"नुसता बघत उभा राहिलो तर लोक धोंडे मारतील. नाडी बांधणाऱ्याला फक्त शिव्या देतात."

पुढच्या आगीला बंब थांबला, तेव्हा दोघं जण वाकले.

"जावईबापू, सापडली का नाडी?"

"शोधतोय, मामा. धूर सरळ बाहेर येतोय, दार उघडू?"

"उघड!"