बिब्ब्याची खूण

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांच्या गाडीत बसले, तेव्हा मला दोन वेण्या होत्या आणि काखेत एक रहस्यकथा. नुकती मॅट्रिकची परीक्षा दिलेली, म्हणजे जगातलं सगळं कळलेलं! राज्यं वेगळी झाली तरी मावशी बालाघाटकडेच राहिली होती. गाडी इतकी सावकाश, की उतरून मोहाची फुलं वेचावीत आणि पुन्हा चढावं.

मावशी भरवेलीला, मँगनीजच्या खाणीजवळ राहायची. रस्ता, अंगण, चिमण्या, सगळं काळपट. तिनं भात आणि लाखोरीचं वरण (लाखेच्या डाळीचं) वाढलं. मावसाजी (मावशीचे यजमान) उकव्याच्या खाणीवर कामाला गेले होते. कालच यायचे होते, आले नव्हते. मावशीचा एक डोळा रस्त्याकडे.

सकाळी एक पोलीस शिपाई सदरा दाखवत दारोदार फिरत आला. वैनगंगेच्या काठी कुणी माणूस मेलेला सापडला होता. अंगावर जखम नाही, खिशात चिठ्ठी नाही. मावशी विहिरीवर गेलेली. मी रुबाबात सदऱ्याची कॉलर उलटली. आत बिब्ब्यानं घातलेली परटाची खूण, दोन टिंबं आणि खाली रेघ.

"इतना भी नहीं दिखा आपको?"

"दिखा, बाई. धोबी के पास ही जा रहा हूँ।"

मीही मागोमाग गेले. धोब्यानं खूण पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ये तो आपकी मौसी के घर का निशान है।"

शिपायाच्या आधी मीच घरी धावले. "मावशी, मेलेल्याच्या अंगावर मावसाजींचा सदरा होता!" पुस्तकात असंच ओरडतात. मावशी मटकन खाली बसली, भरलेली घागर सांडली. तिचे ओठ पांढरे पडलेले पाहिले, तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलले ते.

शिपाई आला. मावशीनं सदरा हातात घेतला, खिशाजवळचा इस्त्रीचा डाग चाचपला.

"अवं भवाने! हा त म्या बोहारणीले देल्ला, गंजावर!" म्हणजे पातेल्याच्या बदल्यात.

बोहारीण सापडली. जुने कपडे तिनं लालबर्ऱ्याच्या बाजारात विकले होते; कुणाला, ते तिला आठवेना. तपास तिथंच संपला. मावशी मात्र चारच्या बसमधून मावसाजी उतरेपर्यंत दारातून हलली नाही.

"मले मारूनच टाकलं काय वं दोघीनं?" मावसाजी हसले.

"हासू नोका. त्याचं कोनीच नाही आलं. आपल्या घरचा सदरा घालून गेला तो. आग द्याले तुमीच जा."

"नातं काय सांगू?"

"सांगा काहीबी."

ते आल्या पावली गेले. परत आले तेव्हा मावशीनं दारातच आंघोळीचं पाणी ठेवलेलं होतं.

पंधरा दिवसांनी नागपूरला पोचले. आईनं विचारलं, "तिकडे सगळे बरे ना गं?"

"बरे," म्हणाले आणि अडखळले. "एकजण गेला."

"अगं बाई! कोण?"

"आपलाच."

आई नाव विचारत राहिली, मी रडत राहिले. त्या माणसासाठी रडले, की मावशीला घटकाभर विधवा केलं त्यासाठी, हे कोडं या तपासनीस बाईला आजतागायत सुटलेलं नाही.