साहेबांनी बदललं

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी मुंबईच्या रेडिओवर तरुणांसाठी चालू घडामोडींचा कार्यक्रम करत असे. लोणावळ्याच्या रेल्वे कारकुनाची मुलगी, वय तेवीस. आपला आवाज गावोगाव जातो, याचाच तोरा जास्त.

एकदा लेव्हीवर बोलायचं ठरलं. सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने भात घेत होतं. खेड्यातल्या तरुणांचं त्यावर म्हणणं मी टिपून आणायचं आणि ते रेडिओवर वाचायचं. मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याला गेले. खळ्यावर सातवी शिकलेला एक तरुण शेतकरी भेटला. न अडखळता बोलला.

"भात द्यायला आमी न्हाई म्हनत न्हाई. पन घरात खानारी तोंडं किती, ते आदी इचारा. औंदा बियानंबी नेलं. लिवा ताई, माझ्या नावानिशी लिवा."

मी लिहिलं. परतताना गाडीत ते पुन्हा वाचलं आणि घाबरले. रेडिओवरच्या आमच्या साहेबांनी हे पाहिलं तर नोकरी जाईल, असं वाटलं. त्याचं नाव आणि पहिलं वाक्य तेवढं ठेवलं, बाकीचं खोडलं आणि 'देशासाठी एवढं करायलाच हवं' हे पदरचं जोडलं. साहेबांनी कागद वाचला आणि एकही खूण न करता परत दिला.

कार्यक्रम ऐकायला औंढ्याहून पंधरा-वीस जण लोणावळ्याच्या एका हॉटेलात आले होते. महिन्याने घरी गेले तेव्हा आईकडून कळलं, की त्या तरुणाशी गावात कुणी बोलत नाही. सरकारचा माणूस म्हणतात त्याला.

मी माफी मागायलाच गेले होते, खरंच.

"ताई, त्ये मी बोललो व्हतो का?" त्याने विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "साहेबांनी बदललं."

"तरीच!" त्याचा चेहरा एकदम खुलला. "मंग तुमचा काय दोस? नोकरी हाय तुमची." त्याने आईला हाक मारून मला ताक द्यायला लावलं. मी ते प्यायले. माझी बाजू त्यानेच गावभर सांगितली. लोकांना पटली, ते त्याच्याशी पुन्हा बोलू लागले.

उन्हाळ्यात त्याने आमच्या घरी करवंदांची पाटी पाठवली. आईने लोणचं घातलं. मी ते वर्षभर खाल्लं, आणि रेडिओवर निर्भीड म्हणून नावही कमावलं.