टपावरचे दणके

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. देवासमोर तर उलटंच बोललो — ते येईलच पुढे. मध्येच अडखळलो तर घाई करू नका.

भानुदास नावाचा ड्रायव्हर होता. काष्टीच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या एका बागायतदाराच्या ट्रकवर. आणि मी त्याचा कोण? भक्तच म्हणा ना. चांगला लग्नाचा घोडा झालो होतो, घरी ऊस, बैल, दारे धरायचं काम पडलेलं, आणि मी आपला भानूदाच्या मागे. उसानं लादलेला ट्रक तो असा वळवायचा की वर बसलेल्याच्या तळहातावरची तंबाखू सांडायची नाही. त्याच्यासारखी टोपी घालायचो मी. त्याच्यासारखं खाकरायचोसुद्धा. हसू नका — की हसा, हसण्यासारखंच होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आधीच्या हंगामांची ही गोष्ट. कारखान्याचं गाळप सुरू व्हायचं त्या दिवशी ज्याचा ट्रक पहिल्यांदा फाटकात शिरेल, त्याच ट्रकमधली मोळी पहिली गव्हाणीत पडायची. ड्रायव्हरला फेटा, नारळ आणि वर्षभराची मिजास. शर्यत असं कुणी म्हणायचं नाही, पण शर्यतच ती. आरसे फुटायचे, फाळके घासायचे, ऊस रस्त्यावर सांडायचा, आणि बांधावर उभी राहून माणसं शिट्ट्या मारायची.

एका साली मी झेंडूचा हार स्वतः ओवला आणि निघतानाच भानूदाच्या ट्रकला घातला. जिंकायच्या आधीच! आणि पहिला आला सर्जेराव, पलीकडच्या गावचा. त्यानं काय केलं? भर आवारात आमच्या ट्रकचा हार उतरवला, माझ्या गळ्यात घातला, हातात उसाचं कांडं दिलं, आणि दंडाला धरून मला सगळ्या गाड्यांपुढून फिरवलं. "बगा रं, भान्याची नवरी आली! लई नटून आली!" शे-दोनशे माणूस खदाखदा हसलं. भानूदाही हसला. थोडासाच, पण हसला.

तेव्हापासून मी 'नवरी'. बाजारात नवरी, देवळात नवरी. मला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा कुणीतरी ओट्यावरून हाळी दिली — "नवरीला नवरी बगायला आलीत व्हय?" पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि परत निरोप पाठवला नाही. त्या रात्री मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. सर्जेरावावर डूख धरला. असा धरला की उसाला पाणी देताना, जेवताना, झोपताना तोच डोळ्यांपुढे. त्याचा ट्रक उलटलेला मी मनात कितीदा पाहिला असेल! खरं सांगतो, फार गोड वाटायचं.

आता ते दणक्यांचं सांगायला हवं. उसानं भरलेल्या ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला दिसत नाही. उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी बाहेर लोंबतात, आरसा झाकला जातो. म्हणून एक माणूस वर उसावर, दोराला धरून बसतो आणि केबिनच्या टपावर हात मारून खूण करतो. एक दणका म्हणजे थांब, बाजूला कुणीतरी आहे. दोन म्हणजे रान मोकळं, जा. ड्रायव्हर वळून बघत नाही. विचारत नाही. आंधळ्यानं काठीवर टाकावा तसा सगळा भार वरच्या माणसावर टाकतो.

पुढच्या हंगामाला वर मी होतो. मीच हट्ट धरला होता, ऊसही आमच्याच फडातला होता.

ओढ्यावरच्या फरशीपाशी, म्हणजे बुटक्या पुलापाशी, रस्ता अरुंद होतो, एकच गाडी जाते. आम्ही पुढे होतो. आणि सर्जेराव डावीकडून, कच्च्यातून, धुरळा उडवत आमच्या बरोबरीला आला. तसं येणं चूकच होतं त्याचं. पण आला, आणि मला दिसला. त्याची खिडकी बरोबर माझ्या खाली होती. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि एका हातानं डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. पुन्हा नवरी!

भानूदाला डावीकडे दाबून फरशीवर चढायचं होतं. त्यानं भोंगा वाजवला — म्हणजे वरच्या माणसा, सांग.

मी हात उचलला...

थांबा जरा.

ट्रक धडकला तेव्हा कानठळ्या बसल्या. मी दोराला लोंबकळलो. सर्जेरावाचा ट्रक ओढ्यात आडवा झाला आणि अख्खा ऊस त्याच्या अंगावर गेला. त्याला बाहेर काढला तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोळागोळा झाला होता. नगरला नेऊन तो कापावा लागला.

पोलिसांत जायचं नाही, आपसात मिटवायचं, असं दोन्ही गावांनी ठरवलं. खंडोबाच्या देवळात बैठक बसली. मला विचारलं — वर तू हुतास, दणके किती मारले? मी म्हणालो, एकच. एकच मारला, पण भानूदा थांबला नाही.

भानूदा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "नामा, दोन पडले हुते गड्या."

लोक म्हणाले, उचल बेलभंडार. आमच्याकडे बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेलं खोटं कुणी समजत नाही. तेवढी छाती कुणाची नसते. माझी झाली. ओंजळ पिवळी झाली आणि मी स्पष्ट आवाजात म्हणालो, एकच. सगळ्यांचं तोंड भानूदाकडे वळलं. तो उठला, टोपी झटकली, म्हणाला, "देवानं ऐकलंय," आणि बाहेर गेला.

त्याला पुन्हा कुणी स्टेअरिंग दिलं नाही. दुष्काळात तो रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. मी सायकलवरून जाताना एकदा त्यानं मान वर केली आणि पुन्हा हातोडा मारायला लागला. त्यानंतर मी तो रस्ता सोडला आणि लांबच्या वाटेनं जाऊ लागलो.

पस्तावलो का? सर्जेरावाची कुबडी वाजली की कितीतरी वर्षं मला बरं वाटायचं. हे लपवून काय करू? अजूनही, एखाद्या दिवशी, वाटतं. भानूदाचं मात्र तसं नाही. माझं भांडण त्याच्याशी नव्हतंच. की होतं — तो थोडासा हसला होता म्हणून? कुणास ठाऊक.

भानूदा वारला तेव्हा सर्जेराव मातीला गेला नाही. "त्या हरामखोराचं तोंड बगायचं न्हाई," म्हणाला. त्या दिवशी तो कुबडी टेकत माझ्या दारात आला आणि दुपारभर बसला. मी चहा दिला. तो आता नेहमीच येतो. मला नवरी म्हणत नाही, नामदेवराव म्हणतो. परवा नातवाला घेऊन आला होता. त्याला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाला, "पड, नीट पड. आपल्याच मानसाइरुद्ध बेलभंडार उचलून खरं बोलला हा. असा मानूस तालुक्यात न्हाई."

पोरानं डोकं टेकवलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला — तोच हात.

दणके दोन होते. खाली सर्जेराव दिसत असताना, मोजून मारले होते.