नावाआधीचा डॉलर

दवाखान्यातल्या नर्सनं फॉर्म पुढं धरून विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सवयीनं मुलीकडं पाहिलं आणि तिनं सांगितलं. तासाभरानं तीच नर्स बाहेर आली, माझ्याजवळ उभी राहिली, तेव्हाच मला कळलं. हे गेले त्याला आता सहा आठवडे झाले.

पन्नास वर्षांच्या संसारात मी यांचं नाव कधी घेतलं नाही. राजूरला माहेरी, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानत. लग्नात उखाणा घेतला खरा, पण नाव पुटपुटले आणि नेमका बँड सुरू झाला... "मला ऐकू आलं नाही, परत घे," असं हे आयुष्यभर म्हणत राहिले. मी हट्टी. लग्न होऊन भिंगारला आले, ती एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. हे लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होते, सुट्टी मिळेना, म्हणून रेशनकार्डासाठी मी एकटीच गेले. कचेरीबाहेर एक म्हातारा अर्ज लिहून द्यायचा.

"कार्ड कुनाच्या नावानं काडायचं?"

"ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हंजे कुनाच्या, बाई?"

"आमच्या ह्यांच्या. मला नाव घेता येत न्हाई."

त्यानं मान हलवली आणि कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'हे' असं लिहून दिलं. संध्याकाळी यांनी कागद पाहिला आणि पोट धरधरून हसले. मला मात्र रडू कोसळलं. दुसरा अर्ज यांनी स्वतःच लिहिला.

निवृत्तीनंतर मुलीनं जुना कॉम्प्युटर आमच्याकडं ठेवला आणि यांना शेल स्क्रिप्टचं वेड लागलं. काळ्या खिडकीत एकेक हुकूम टाइप करायचा, शेलनं तो पाळायचा, आणि शिष्य कोण, तर मी. म्हणाले, "एच-ई, म्हणजे 'हे', नावाचा डबा केला. बरोबरचं चिन्ह, त्या दोन आडव्या रेघा, टाकून त्यात माझं नाव भरलं. आता नुसतं एच-ई छापायला सांगितलंस तर एच-ई एवढंच छापणार, तुझ्या त्या म्हाताऱ्यासारखं. आधी डॉलरचं चिन्ह लाव, मग डब्यातलं बाहेर येतं." मग मी टाइप केलं. नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं, बोटांचं कुणी सांगितलं नव्हतं. पण शिस्तीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली, तर यंत्र म्हणालं, 'हे' असा हुकूम सापडत नाही. जागा सुटली की ते डब्यालाच हुकूम समजतं. "मी इथंच आहे गं," हे म्हणाले, "मधे जागा सोडू नको. आणि एकदा तोंडानं घे की." मी म्हटलं, "आता या वयात कशाला..." आणि चहा टाकायला उठले. फार चुकलं माझं. आयुष्य कमी होतं वगैरे तेव्हा मी मानतही नव्हते.

गेल्या रविवारी कॉम्प्युटर लावला. डॉलर एच-ई छापायला सांगितलं. चूक दाखवली नाही, काही नाही... नुसती एक रिकामी ओळ आली. खिडकी बंद केली की तिच्यातले डबे पुसले जातात, आणि जो डबा भरलाच नाही त्याबद्दल शेल तक्रार करत नाही, हे यांनीच सांगितलं होतं. मग एच-ई, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, त्याला चिकटून नाव, असं लिहिलं आणि पुन्हा छापायला सांगितलं. खालच्या ओळीत उमटलं ते मी मोठ्यानं वाचलं.

वसंत.

स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली. म्हणाली, "आई, कुणाला हाक मारलीस?"