वस्तादांची पाठ

वस्ताद पाठीवर कधी झोपत नसत. कुशीवर, फार तर पालथे. एकदा छातीत कळ आली म्हणून मुलाने दवाखान्यात नेलं, तर ईसीजीसाठी उताणं व्हायचं यावरून त्यांनी डॉक्टरीणबाईंशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी खुर्चीत बसूनच तो काढून घेतला. "उताणं एकदाच व्हायचं, तेबी चौघांनी ठिवल्यावर," असं म्हणायचे. नातेपुत्याकडच्या एका वाडीत मेंढरांमागे वाढलेला हा माणूस तरुणपणी जत्राजत्रांतून कुस्त्या खेळला. काही बरोबरीत सुटल्या, पण त्यांची पाठ कुणी मातीला लावली नाही. ती लागू देणार नाही अशी गुरूपुढे माती हातात घेऊन शपथच घेतलेली होती.

मुलाच्या नोकरीमुळे म्हातारपणी ते जुळे सोलापुरात आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या वर्षी गणपतीसाठी सोसायटीचा दहा मिनिटांचा मूकपट करायचा किडा मला चावला होता. एक शब्द नाही, नुसता पाठलाग, धडपड आणि आपटणं. सगळा डोलारा एका प्रसंगावर उभा होता. जाडजूड पाहुणा वीस कडक भाकरींची चळत हनुवटीपर्यंत धरून ऐटीत येतो, स्कूटर धुतलेल्या साबणाच्या पाण्यावरून घसरतो आणि दाणकन उताणा पडतो. मग भाकरींचा पाऊस.

तशी देहयष्टी आणि तशी ऐट सोसायटीत एकाच माणसाकडे होती. पडायचं आहे एवढंच मी सांगितलं. उताणं हा शब्द मी गिळला, हे कबूल करते. सत्तरीच्या माणसाला पाडता, म्हणून त्यांचा मुलगा माझ्यावर उखडला, तर वस्तादांनी बाल्कनीत त्याच्यादेखत पन्नास जोर मारले आणि विषय संपवला.

उताणं पडायचंय हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. पण एकदा दिलेला शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. लागू नये म्हणून मी गाद्या आणल्या, त्या त्यांनी हसण्यावारी नेल्या. गादीवर शहरातली माणसं पडतात, म्हणाले. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः माती खणली, चाळली, तिच्यात हळद, तेल आणि ताक कालवलं. आखाड्यातला हौदाच तयार झाला. वरून मी साबणाचा फेस ओतला.

वस्ताद आले, मातीला हात लावून कपाळाला लावला (हे कथेत नव्हतं), घसरले, पाय वर गेले, आणि अंग हवेतच मांजरासारखं फिरून ते पालथे पडले. दुसऱ्यांदा तेच. चार वेळा भाकरींचा चुरा झाला आणि त्यांच्या पत्नी, आक्का, तो निमूटपणे डब्यात भरत राहिल्या. माझं डोकं फिरलं. हे पडणं नाही, विहिरीत सूर मारणं आहे, असं मी सगळ्यांदेखत बोलले. एवढा मोठा माणूस, पण खाली मान घालून म्हणाला, "बाई, मी पडतूयच की. अंगच ऐकंना."

तेव्हा आक्का उठल्या. "आदी ही माती काडा हितनं," त्या म्हणाल्या. "मातीची शपत हाय त्यांना. गादीची कुटं हाय?"

आम्ही माती उपसून गाद्या घातल्या आणि वर मातकट रंगाच्या चादरी अंथरल्या. वस्ताद या वेळी कशाच्याच पाया पडले नाहीत. आले, घसरले आणि दाणकन पाठीवर आपटले. वीसच्या वीस भाकरी त्यांच्या तोंडावर फुटल्या. ते हलेनात. मी धावले, तर ते नुसते आभाळाकडे बघत पडले होते. मागे कुणीतरी खदखदून हसत होतं. आक्का पायरीवर बसून, पदर तोंडात कोंबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आक्कांचा मोठा आवाजही तोवर कुणी ऐकला नव्हता.

आठ दिवसांनी वस्ताद माझ्या दारात उभे. नातेपुत्याहून त्यांचे जुने चेले सिनेमा बघायला येणार होते. पाठ तेवढी काढता येईल का, असं त्यांनी विचारलं. ती काढली तर सिनेमाच उरत नाही, असं मी तोडून टाकलं. मग रात्रभर मलाच चैन पडलं नाही. या माणसाने जन्मभर जपलेली एकच गोष्ट मी दहा मिनिटांच्या गमतीसाठी चव्हाट्यावर मांडत होते. सकाळी जाऊन, काढते म्हणून सांगितलं. वस्ताद चहा ओतत होते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "नातवानं फोनवर काढलंय, ही रोज तेच लावायला लावती. जल्मभर मी जितून घरी आलो, तर ही दारात कुटं लागलंय तेवढं बघायची. हसली ती मी पडल्यावर."

गणपतीत मांडवात पडदा लागला. पुढच्या रांगेत सात-आठ पैलवान मांड्या घालून बसले होते. वस्ताद घसरले, पाठ टेकली, आणि सगळी सोसायटी हसत असताना त्या रांगेत मात्र कुणी श्वासही घेतला नाही. वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते.

दिवे लागल्यावर त्यांतला सगळ्यात थोराड गडी उठला, वस्तादांच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "वस्ताद एक डाव राखून ठिवतो म्हनत्यात. त्यो ह्यो व्हय?"

वस्तादांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "व्हय," ते म्हणाले. "पर मलाच लई उशिरा गावला."